दहा गाणी, दोन रेकॉर्डिंगं: पुण्यातल्या एका पोस्ट-हार्डकोअर बँडचा पहिला अल्बम

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या चौघांच्या बँडचं आहे: गायिका, गिटारिस्ट, बासिस्ट आणि ड्रमर. बँड, स्टुडिओ आणि लेबल यांची नावं गाळली आहेत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. अल्बम दोनदा रेकॉर्ड झाला. दुसऱ्या वेळी रेकॉर्डिस्ट म्हणून मी होते आणि कराराच्या वाटाघाटींतही चौघांच्या सोबत बसले होते. त्यामुळे बरंचसं डोळ्यांदेखत घडलेलं लिहिते आहे.

बँड इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात जमला, लॉकडाऊनमध्ये मोडता मोडता राहिला आणि नंतर कर्वेनगरच्या बाजूला एका बंगल्याच्या तळघरात पुन्हा वाजवायला लागला. वर्षा-दीड वर्षात पुणे, मुंबई आणि बंगळुरूच्या लहान जागांवर त्यांचं नाव झालं. गिगचं मानधन आणि टी-शर्टचे पैसे वाटून न घेता एका खात्यात टाकायचे, असं पहिल्यापासून ठरलेलं होतं. या गल्ल्यात एप्रिल २०२३ पर्यंत २ लाख २० हजार रुपये साठले. गाणी दहा होती, सहा मराठी आणि चार इंग्रजी. सगळी मिळून अर्ध्या तासाच्या थोडी वर.

पोस्ट-हार्डकोअर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढचा सगळा पेच त्यातूनच निघतो. हार्डकोअर पंकचा वेग आणि ओरड यात आहेच, पण त्यासोबत अचानक थांबणं, शांत पट्टे, ताणून धरलेला बेसूरपणा आणि पुन्हा उसळणं आहे. या वळणाची पहिली ठळक खूण म्हणून राइट्स ऑफ स्प्रिंगच्या १९८५ च्या अल्बमकडे बोट दाखवतात. तो वॉशिंग्टनशेजारच्या आर्लिंग्टनमध्ये, डॉन झिएंतारा यांच्या इनर इअर स्टुडिओत रेकॉर्ड झाला आणि डिस्कॉर्ड या लेबलने काढला. त्या बँडमधले गाय पिचोटो आणि ब्रेंडन कँटी पुढे इयन मकाय आणि जो लॅली यांच्याबरोबर फुगाझी या बँडमध्ये गेले. हे संगीत चार माणसं एका खोलीत एकमेकांकडे बघत वाजवतात तेव्हाच नीट उभं राहतं. गाणं कुठे थांबायचं हे वहीत लिहिलेलं नसतं, ड्रमरच्या खांद्यावरून कळतं.

अडचण

मे महिन्यात चौघं मुंबईतल्या एका चांगल्या स्टुडिओत गेले. पद्धत नेहमीची होती. ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी एकसारखी टिकटिक द्यायची, त्यावर ड्रम्स, मग बास, मग गिटार थेट कॉम्प्युटरमध्ये घेऊन आवाज सॉफ्टवेअरच्या ॲम्पमधून काढायचा, सगळ्यात शेवटी गाणं. त्यानंतर ड्रमचा प्रत्येक ठोका ग्रिडवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या समान अंतराच्या रेघांवर, ओढून बसवला गेला आणि स्नेअर या ड्रमच्या आवाजाखाली आधीच रेकॉर्ड केलेला तयार ठोका (सॅंपल) घातला गेला. इंजिनिअरने काम चोख केलं, त्यात कसलीही हयगय नव्हती. प्रवास आणि राहण्यासकट १ लाख १० हजार गेले, म्हणजे नेमका अर्धा गल्ला.

कच्चं मिक्स तळघरात ऐकलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. ड्रमर सगळ्यात लहान. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "ताई, हे मी वाजवलेलंच नाही." तक्रारीचा सूर नव्हता, तो खरंच गोंधळला होता.

मी त्यांचं एक जुनं फोनवरचं गिग-रेकॉर्डिंग घेतलं आणि त्याच गाण्याची लय मोजली. गाणं १६४ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १६४ ठोक्यांना, सुरू होत होतं. मधल्या थांब्यानंतर बँड परत यायचा तो १७१ ला, आणि शेवटच्या तीस सेकंदांत लय १७६ च्या आसपास जायची. स्टुडिओतल्या आवृत्तीत पहिल्यापासून शेवटपर्यंत १६८. थांबाही मोजून दोन मात्रांचा. स्टेजवर तो थांबा दर वेळी वेगळा असतो, कारण गायिका श्वास घेऊन वर बघेपर्यंत कुणी वाजवत नाही. लय वाढणं ही चूक असते असं शिकवलं जातं, आणि पुष्कळ संगीतात ते बरोबरही आहे. या गाण्यांत मात्र लय वाढणं हाच गाण्याचा अर्थ होता.

एवढंच असतं तर सुधारता आलं असतं. पण त्याच पंधरवड्यात आणखी दोन गोष्टी झाल्या. गिटारिस्टला जर्मनीत एमएसला प्रवेश मिळाला. तिकडचं हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस तो निघणार. आणि मुंबईच्या एका लेबलने ते कच्चं मिक्स ऐकून कराराचा मसुदा पाठवला. दीड लाख आगाऊ, प्रसिद्धी त्यांची, आणि हिवाळ्यातल्या फेस्टिव्हलांत जागा मिळवून देण्याचे प्रयत्न. त्यांना ते मिक्स आवडलं होतं, हे इथे महत्त्वाचं आहे.

समोरचे पर्याय

चौघं तीन-चार वेळा बसले, बहुतेक वेळा गिटारिस्टच्या घरी, कारण त्याच्या आईला सगळं ऐकायचं असायचं.

पहिला विचार असा की आहे तेच दुरुस्त करायचं. ग्रिड काढून मूळ ठोके परत आणता येतात, गिटार खऱ्या ॲम्पमधून पुन्हा वाजवून घेता येते. खर्च कमी, वेळही कमी. पण मूळ ठोके क्लिकवरच वाजवलेले होते. ग्रिड काढलं तरी लय वाढणार नव्हती आणि थांबे परत येणार नव्हते. मी एका गाण्यावर करून दाखवलं. थोडं मऊ झालं, जिवंत झालं नाही. हा पर्याय तिथेच संपला.

दुसरा पर्याय बासिस्टचा होता: असलेल्यातली चार गाणी ईपी (अल्बमहून छोटी रेकॉर्ड) म्हणून काढू, अल्बम पुढच्या वर्षी. त्याच्या बाजूने भक्कम दाखला होता. फुगाझीने १९८८ च्या अखेरीस लांबलचक युरोप दौऱ्यानंतर लंडनमध्ये ध्वनिमुद्रक जॉन लोडर यांच्याकडे पहिला पूर्ण अल्बम करायचा घाट घातला होता. सगळे थकलेले होते, झालेल्या कामावर बँड समाधानी नव्हता, आणि ते साहित्य १९८९ मध्ये ईपी म्हणून आलं. पहिला पूर्ण अल्बम त्यांनी घरी परतून केला, तो एप्रिल १९९० मध्ये निघाला. थांबण्यात कमीपणा नाही, हे बासिस्टचं म्हणणं मला पटत होतं. पण फुगाझीचे चौघेही पुढच्या वर्षी त्याच शहरात होते. इथे गिटारिस्ट दोन वर्षांसाठी चालला होता.

तिसरा पर्याय लेबलचे पैसे घेऊन पुन्हा चांगल्या स्टुडिओत जाण्याचा. ड्रमर आणि गिटारिस्ट बराच काळ याच बाजूला होते आणि त्यांना दोष देता येत नाही. दीड लाख ही लहान रक्कम नव्हे, आणि आपण होऊन कुणी विचारलंय याचंही मोल असतं.

चौथा पर्याय गायिकेने काढला. उरलेल्या १ लाख १० हजारांत, क्लिकशिवाय, चौघांनी एकत्र वाजवून, सगळा अल्बम पुन्हा करायचा. स्टुडिओ परवडणार नाही, तर मोठी खोली शोधायची. स्वस्तात आणि झटपट झालेल्या पहिल्या अल्बमांची परंपरा पंकमध्ये जुनी आहे. रामोन्सचा १९७६ चा पहिला अल्बम आठवडाभरात, सुमारे ६,४०० डॉलरमध्ये झाला होता. पण स्वस्तात झालं म्हणून चांगलं झालं असं नसतं. ते लोक ती गाणी शेकडो वेळा वाजवून आलेले असतात. हे चौघंही आले होते, म्हणून मला हा पर्याय धाडसाचा असला तरी बेछूट वाटला नाही.

करार वाचताना

निर्णय खरा फिरला तो मसुदा वाचताना. एका वकील मैत्रिणीने आमच्याबरोबर बसून कलम-कलम समजावलं.

मास्टर रेकॉर्डिंगची, म्हणजे ज्यावरून सगळ्या प्रती निघतात त्या अंतिम रेकॉर्डिंगची, मालकी लेबलची, जगभर, कायमची. दीड लाख ही आगाऊ रक्कम, म्हणजे बँडच्या वाट्याच्या कमाईतून आधी ती वळती होणार आणि मगच बँडला पैसे. पुढच्या दोन अल्बमांवर पहिला हक्क लेबलचा. आणि एक कलम असं की सादर केलेलं रेकॉर्डिंग "तांत्रिक आणि व्यावसायिकदृष्ट्या समाधानकारक" आहे की नाही हे लेबल ठरवणार.

ड्रमर या शेवटच्या कलमावर थांबला. लेबलला आवडलेलं रेकॉर्डिंग ग्रिडवरचं होतं. पुन्हा करून नेलं आणि त्यांना लय वाढलेली चूक वाटली, तर? उत्तर मसुद्यातच होतं: त्यांचा शब्द शेवटचा. लेबलने गाण्यांचा क्रमही सुचवला होता. त्यात चार इंग्रजी गाणी आधी होती, आणि ज्या पन्नास सेकंदांच्या मराठी गाण्याने बँड प्रत्येक गिग सुरू करतो ते नवव्या क्रमांकावर ढकललेलं होतं. तोवर चौघं आवाजाचा प्रश्न आणि पैशाचा प्रश्न वेगवेगळे धरून भांडत होते. त्या दुपारी दोन्ही एकच असल्याचं सगळ्यांना दिसलं. लय कुणी ठरवायची, गाणी कुठल्या क्रमाने लागायची आणि मास्टर कुणाचं, या तिन्हींचं उत्तर एकाच माणसाकडे जात होतं.

कायद्याचा भाग नवीन बँडने समजून घ्यावा असा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा 'निर्माता' म्हणजे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. ध्वनिमुद्रणाचा हक्क एरवी त्याचा, आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणून पैसा कुणी घातला, स्टुडिओ कुणी ठरवला, बिल कुणाच्या नावावर आहे याचे कागद जपून ठेवायचे. गाण्याचे शब्द आणि चाल ही वेगळी कृती, तिचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कराराने सोडून देता येत नाही. त्यामुळे मसुद्यातलं "सर्व हक्क" हे वाटलं तितकं सर्वभक्षी नव्हतं. पण मास्टरला ते संरक्षण नाही. हस्तांतराची मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच समोरचा पक्ष "कायमची" आणि "जगभर" हे शब्द आठवणीने लिहितो.

बँडने उलट प्रस्ताव पाठवला. मालकी आमची, पाच वर्षांचा परवाना तुमचा, आगाऊ रक्कम निम्मी चालेल, क्रम आणि मिक्सचा निर्णय आमचा. तीन आठवड्यांनी सौजन्याचं उत्तर आलं: परवान्यावर विचार करू, पण आगाऊ रक्कम नाही आणि मान्यतेचं कलम राहील. चौघांनी नकार कळवला. बासिस्टचं मत शेवटपर्यंत वेगळं होतं. फेस्टिव्हलची जागा मिळाली असती तर एका मान्यतेच्या कलमापायी ती सोडू नये, असं त्याचं म्हणणं. त्याने ते मोकळेपणाने मांडलं आणि मग बहुमताबरोबर उभा राहिला.

दुसरं रेकॉर्डिंग

मोठी खोली सापडली ती मंगल कार्यालयाची. २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी झाली आणि चातुर्मास लागला. त्या वर्षी अधिक श्रावण असल्याने चातुर्मास पाच महिन्यांचा होता. लग्नाचे मुहूर्त नाहीत, कार्यालयं रिकामी. शहराच्या पश्चिमेकडच्या एका जुन्या कार्यालयाने चार सकाळी २४ हजारांत दिल्या. अट एवढीच की पंगतीच्या खुर्च्या-टेबलं आम्हीच हलवायची आणि परत लावायची.

वेळ सकाळी आठ ते दोन ठरवली. शेजारच्या मैदानावर संध्याकाळी ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला होता. गणपती १९ सप्टेंबरला होते, सराव रोज वाढणारच होता. आणि पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, म्हणून शुक्रवार ते सोमवार. भाड्याचे माइक, स्टँड आणि इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं यंत्र) मिळून १८ हजार.

जागेची मांडणी मला अजून आवडते. ड्रम्स मुख्य हॉलच्या मध्यावर, खाली दोन सतरंज्या, कारण शहाबादी फरशीवर किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) आवाज उडत होता. गिटारचा ॲम्प वधूपक्षाच्या खोलीत, बासचा वरपक्षाच्या, दोन्हींभोवती कार्यालयाच्याच गाद्या उभ्या केलेल्या. गिटारिस्ट आणि बासिस्ट स्वतः हॉलमध्ये, ड्रमरच्या समोर. गायिकेचं गाणं फक्त वाटाड्यासारखं हवं होतं. ती हॉलमध्ये ओरडली असती तर तिचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये शिरला असता आणि नंतरचं खरं गाणं त्यावर भुतासारखं दुहेरी वाजलं असतं. म्हणून ती भटारखान्यात, दार उघडं ठेवून, ड्रमरला दिसेल अशी.

ड्रमवर माइक मोजकेच: किक, स्नेअर, फ्लोअर टॉम, वरचे दोन आणि हॉलच्या टोकाला, व्यासपीठाजवळ, एक. वरच्या दोन माइकांसाठी सुतळीचा तुकडा घेतला. त्याचं एक टोक स्नेअरच्या मधोमध धरायचं, दुसरं आधी एका माइकला टेकवायचं, मग दुसऱ्याला. दोन्ही अंतरं सारखी आली की स्नेअरचा आवाज दोन्हींत एकाच क्षणी पोचतो आणि पोकळ होत नाही. सुतळी आम्ही रोज सकाळी पुन्हा लावायचो, कारण रात्री झाडलोट करताना स्टँड हलायचे. व्यासपीठाजवळच्या माइकने सगळा हॉल पकडला. अल्बममधल्या ड्रमचा जो मोठा, थोडा उघडा आवाज आहे तो त्याच एका माइकचा.

क्लिकबद्दल मधला मार्ग काढला. गाण्याच्या सुरुवातीला ड्रमरच्या कानात चार आवर्तनं क्लिक, मग बंद. सुरुवातीची लय पक्की मिळते, पुढे गाणं आपल्या वाटेने जातं. प्रत्येक गाण्याचे तीनच टेक, आणि कुठला ठेवायचा हे त्याच दुपारी चौघांनी मिळून ठरवायचं. ही मर्यादा गायिकेची. दहा टेक असले की माणूस निवडत बसतो, असं तिचं म्हणणं. पाऊस जोरात आला की मागच्या पत्र्याच्या शेडमुळे थांबावं लागायचं. त्या वेळात आदल्या गाण्याचा निकाल लागायचा.

सातव्या गाण्यात पेच आला. दुसऱ्या टेकचा पहिला अर्धा भाग अप्रतिम होता. मधल्या थांब्यानंतर गिटारची तार उतरली आणि पुढचं सगळं बेसूर झालं. तिसऱ्या टेकमध्ये उलट: सुरुवात ढिली, थांब्यानंतर जबरदस्त. थांब्यात पूर्ण शांतता असते, तिथे दोन टेक जोडले तर जोड कुणाला कळणार नाही. पण जोडकाम नको म्हणूनच सगळं पुन्हा चाललं होतं. ड्रमर ठाम विरोधात होता. चौथा टेक घ्यावा तर मर्यादा मोडते, आणि चौघं दमलेले होते. तासभर चर्चा झाली. शेवटी जोडायचं ठरलं, आणि कारण मला योग्य वाटतं: दोन्ही भाग त्यांनी एकत्र, एका खोलीत वाजवलेले होते, कुणाचाही ठोका जागचा हलवलेला नव्हता. मात्र थांब्याची लांबी किती ठेवायची हा नवा प्रश्न निघाला, कारण जोडताना ती मीच ठरवणार होते. गायिका माझ्याशेजारी उभी राहिली, डोळे मिटून ऐकलं, आणि परत यायच्या क्षणी हात खाली आणला. तिथे जोड आहे.

तिसऱ्या दिवशी गायिकेचा घसा बसला. वाटाड्या गाणं हळू आवाजात म्हणायचं ठरलं होतं, पण समोर बँड तसा वाजत असताना तिला ते जमलं नाही. चौथ्या दिवशी ती फक्त हातवारे करत उभी होती आणि ती दोन गाणी बिनगाण्याची रेकॉर्ड झाली. खरं गाणं दोन आठवड्यांनी तळघरात घेतलं, दिवसाला दोनच गाणी, स्टेजवरचा नेहमीचा माइक हातात धरून. स्टँडवरच्या महागड्या माइकसमोर ती अवघडून उभी राहायची. हातातल्या माइकने आवाज थोडा कोंदट आला, पण शब्द अंगावर आले.

मिक्सिंग, मास्टरिंग आणि कागद

मिक्सिंग बंगळुरूच्या एका इंजिनिअरने ३५ हजारांत केलं. ठरलेली रक्कम, रॉयल्टीत वाटा नाही. या प्रथेमागे अमेरिकन रेकॉर्डिस्ट स्टीव्ह अल्बिनी यांचा मोठा हात आहे. निर्वाणाच्या १९९३ च्या अल्बमवरही त्यांनी रॉयल्टी घ्यायचं नाकारून ठरलेले पैसेच घेतले होते. मास्टरिंगला, म्हणजे मिक्सवरून फिरवायच्या शेवटच्या हाताला, १२ हजार.

मास्टर किती जोरात करायचं यावर थोडी घासाघीस झाली. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती जोरात ऐकू येतो ते मोजायचं एकक) पातळीवर आणून वाजवतं, म्हणजे त्याहून जोरात केलेलं नुसतं खाली ओढलं जातं. अल्बम सलग लावला तर सगळ्या गाण्यांना एकच माप लागतं आणि गाण्यागाण्यांतला फरक टिकतो. म्हणून पाचवं शांत गाणं खरोखर शांत ठेवलं.

गाण्यांचं श्रेय चौघांना समान. शब्द बहुतेक गायिकेचे असले तरी तिनेच तसा आग्रह धरला. चौघांनी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घेतलं. वितरण एका वार्षिक शुल्काच्या सेवेकडून. विनाइल परवडत नव्हतं, म्हणून नारायण पेठेतल्या एका प्रेसमधून शब्दांची पुस्तिका छापली, १५ हजारांत ३०० प्रती, आत डाउनलोडचा कोड. परदेशातल्या ऐकणाऱ्यांसाठी बँडकॅम्प हे थेट संगीत विकायचं संकेतस्थळ ठेवलं. तिथे डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापले जातात. देशातल्यांकडून यूपीआयने पैसे घेऊन कोड पाठवले, कारण पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केलेले आहेत आणि बँडकॅम्पचे पैसे पेपालवरून येतात.

निष्पत्ती

अल्बम नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. गिटारिस्ट तेव्हा जर्मनीत होता. तो जाण्याआधी पुण्यात एक मोठा गिग झाला, त्यात सगळी दहा गाणी त्याच क्रमाने वाजली.

हिवाळ्यातल्या कुठल्याच मोठ्या फेस्टिव्हलमध्ये बँडला जागा मिळाली नाही. लेबल असतं तर मिळाली असती का, हे सांगता येत नाही, पण दार ठोठावणारं कुणी नव्हतं हे खरं. स्ट्रीमिंगचे आकडे किरकोळ राहिले. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याचे आधीच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम होत नाहीत त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. दहापैकी तीन गाणी त्या रेषेखाली राहिली.

पुस्तिका मात्र संपल्या, अर्ध्याहून अधिक गिगच्या टेबलावरच. लोक त्या हातात घेऊन गाणी म्हणायचे, मराठी गाणी जास्त. वर्षभरात दुसऱ्या रेकॉर्डिंगचा बहुतेक खर्च भरून निघाला, पहिल्याचा नाही. नंतर एका लघुपटासाठी पाचव्या गाण्याची मागणी आली. मास्टर आणि गाणं दोन्ही चौघांचं, त्यामुळे उत्तर त्याच संध्याकाळी देता आलं. रक्कम मोठी नव्हती, पण पूर्ण खात्यात आली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महाग पडलेला निर्णय पहिलाच होता: दहाही गाणी एकदम स्टुडिओत नेणं. एक गाणं शेवटपर्यंत करून, ऐकून, मग पुढचं ठरवलं असतं तर पंधरा-वीस हजारांत समजलं असतं जे समजायला १ लाख १० हजार लागले. स्टुडिओ निवडताना त्याची उपकरणं आणि तिथे झालेले अल्बम पाहिले गेले, पण "आम्ही चौघं एकत्र वाजवू शकतो का?" हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो स्टुडिओ कदाचित हो म्हणाला असता.

चौघांमधला लेखी करार रेकॉर्डिंगआधी व्हायला हवा होता. तो गिटारिस्ट निघायच्या आठवड्यात झाला, घाईघाईने, स्टॅम्प पेपरवर. कुणी बँड सोडला तर त्याचा वाटा, नाव कोण वापरणार, मास्टरबद्दल निर्णय एकमताने की बहुमताने, हे सगळं त्यात आहे. मैत्री चांगली होती म्हणून निभावलं. ती नसती तर लेबलकडून वाचवलेलं मास्टर चौघांच्या भांडणात अडकलं असतं.

गायिकेसाठी वेगळी आखणी हवी होती. समोर पूर्ण ताकदीने वाजत असताना ती हळू गाईल, ही अपेक्षाच चुकीची होती. पहिले दोन दिवस फक्त तिच्याशिवाय जमणारी गाणी घेता आली असती.

लेबलशी बोलण्यात एक रस्ता तपासलाच गेला नाही. संपूर्ण अल्बमऐवजी दोन इंग्रजी गाण्यांचा मुदतीचा परवाना देऊ केला असता तर त्यांना हवं ते थोडं मिळालं असतं आणि फेस्टिव्हलचं दार किलकिलं झालं असतं. बासिस्ट हे आजही म्हणतो आणि इथे मी त्याच्या बाजूची आहे. ईपीबद्दल मात्र नाही. ती चार गाणी निघाली असती तर लोकांना हा बँड १६८ बीपीएमचा म्हणून माहीत झाला असता, आणि गिटारिस्ट गेल्यावर ते दुरुस्त करायला कुणी उरलं नसतं.

आता दुसऱ्या अल्बमची गाणी जमताहेत. नवी गिटारिस्ट पुण्यात आहे, जुना सुट्टीत येऊन दोन गाण्यांवर वाजवणार आहे, आणि त्याचा वाटा किती हे या वेळी आधी लिहून झालं आहे. एक गाणं चाचणी म्हणून त्याच कार्यालयात रेकॉर्ड करायचं ठरलं आहे, पुढच्या चातुर्मासात.